तातडीने मदत हवी: पाकिटावरचा कॅलरीचा हिशेब जुळत नाही

घाईगर्दी
‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेला चॉकलेट बार आहे. मागे छापलंय: ऊर्जा ४३१, प्रथिने ६, कर्बोदके ६४, त्यापैकी शर्करा ४, फॅट २२. प्रथिने आणि कर्बोदकांना ४ ने, फॅटला ९ ने गुणलं की ४७८ येतात. मग ४७ कॅलरी गेल्या कुठे? कर्बोदकांचा आकडा चुकलाय की ऊर्जेचा? मला कर्बोदकांचा खरा आकडा हवाय. जरा लवकर सांगा. ‘गोड खाणं सोडा’ छाप प्रतिसाद नकोत.

रानपाखरू
हे १०० ग्रॅमचे आकडे आहेत की एका बारचे?

घाईगर्दी
१०० ग्रॅमचेच असणार ना, बार एवढा मोठा कुठे असतो!

सडेतोड
छपाईची चूक. या कंपन्या वाट्टेल ते छापतात. तक्रार ठोका.

पेन्सिलवाला
तक्रार ठोकण्याआधी पूर्ण तक्ता तरी बघू. घाईगर्दी, तंतुमय पदार्थांची (फायबरची) ओळ आहे का? पॉलिऑलची, म्हणजे साखरेऐवजी गोडव्यासाठी घालतात त्या शुगर अल्कोहोलची? ४-४-९ हे ढोबळ गुणक आहेत. फायबरला साधारण २ धरतात आणि माल्टिटॉलसारख्या पॉलिऑलला बऱ्याच ठिकाणी २.४. ‘साखर घातलेली नाही’ म्हणताय तर गोडवा कशाचा आहे, ते घटकांच्या यादीत दिसेल.

मधुर_वाणी
यापेक्षा घरी करा ना! ओट्स, खजूर, थोडा मध. कसली रसायनं नाहीत की कसले आकडे नाहीत. मी तर बाहेरचं आणणंच बंद केलंय.

सडेतोड
खजुरात १०० ग्रॅमला साठ ग्रॅमच्या पुढे साखर असते ताई. आकडे छापले नाहीत म्हणून ती जात नाही.

मधुर_वाणी
ती नैसर्गिक असते. मधाचंही तसंच.

पेन्सिलवाला
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मधातली साखर ‘मुक्त साखरे’तच मोजली आहे. अख्ख्या फळातली नाही, पण मधातली हो. हा धागा त्याबद्दल नाही, वेगळा काढा.

घाईगर्दी
अहो मधाचं राहू द्या. खाली बारीक अक्षरात आहे: तंतुमय पदार्थ ६, पॉलिऑल २२. घटकांत माल्टिटॉल दुसऱ्या नंबरवर. हे कशाला लागतं पण? मी कर्बोदकं विचारतोय.

पेन्सिलवाला
त्यातच उत्तर आहे. ६४ मधले २२ माल्टिटॉल. त्यांना ४ ऐवजी २.४ लावा, ३५.२ कॅलरी कमी झाल्या. ६ फायबरला ४ ऐवजी २ लावा, आणखी १२ गेल्या. एकूण ४७.२. तुमच्या ४७ कॅलरी सापडल्या, आकडा बरोबर आहे.

यातून अजून एक गोष्ट कळते. काही देशांत कर्बोदकांच्या आकड्यात फायबर धरतात, काही ठिकाणी ते वेगळं दाखवतात. तुमच्या पाकिटावर फायबर वेगळं असतं तर ऊर्जा ४५५ च्या आसपास यायला हवी होती. ४३१ आहे, म्हणजे ते ६४ च्या आतच आहे. एरवी हे पाकीट बघून कळत नाही, इथे ऊर्जेच्या आकड्यानेच चुगली केली.

सडेतोड
बरं, छपाईची चूक नाही. पण शर्करा ४ म्हणजे बाकीचं निरुपद्रवी असंही नाही. शर्करेच्या ओळीत ग्लुकोज, साखर, दुधातली साखर असलं छोट्या रेणूंचंच धरतात. स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन त्यात येत नाहीत, पण पचून त्यांचं ग्लुकोजच होतं. यादीत माल्टोडेक्स्ट्रिन आहे का बघा.

घाईगर्दी
आहे, बऱ्यापैकी खाली. म्हणजे मी आता ६४ धरू की ३६ धरू?

केटोकर
३६. सरळ सूत्र आहे: फायबर वजा, पॉलिऑल वजा. कितीतरी दिवस याच हिशेबावर चालतोय, वजन उतरलंय.

पेन्सिलवाला
केटोकर, ते एरिथ्रिटॉल या दुसऱ्या पॉलिऑलला जवळपास चालतं, माल्टिटॉलला नाही. एरिथ्रिटॉल रक्तातली साखर जवळजवळ वाढवत नाही. माल्टिटॉल वाढवतं, साखरेपेक्षा कमी आणि सावकाश, पण वाढवतं. सरसकट वजा केलंत तर हिशेब कमी भरतो.

केटोकर
माझं मीटर वेगळं सांगतं.

पेन्सिलवाला
तुमच्या मीटरवर जगाचा हिशेब नको.

खारूताई
कशासाठी विचारताय ते अजून सांगितलंच नाहीत. वजनासाठी असेल तर ऊर्जेचा आकडा पुरे, कर्बोदकांचा एवढा कीस कशाला?

घाईगर्दी
भाच्यासाठी. त्याला टाइप वन मधुमेह आहे. ताई फोन उचलत नाहीये आणि हा बार हातात घेऊन समोर उभा आहे. इन्सुलिन किती द्यायचं ते कर्बोदकांवरून ठरतं एवढंच मला माहीत आहे.

खारूताई
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो!! इन्सुलिनचा डोस इथे विचारून देऊ नका. ताई नाही उचलत तर त्याच्या डॉक्टरांना किंवा मधुमेह केंद्रात फोन लावा, तोवर बार बाजूला ठेवा. आणि आत्ता त्याची साखर किती आहे? कमी असेल तर हा बार उपयोगाचा नाही, फॅट आणि माल्टिटॉलमुळे साखर सावकाश चढते. तेव्हा ग्लुकोजच हवं.

घाईगर्दी
सेन्सरवर १३४ दिसतंय, बाण सरळ.

पेन्सिलवाला
मग घाई नाही. फोनवर त्यांना पुढचे आकडे द्या. बार किती ग्रॅमचा?

घाईगर्दी
पाकीट ५० ग्रॅमचं, आत दोन तुकडे. मागे ‘एक सर्व्हिंग २५ ग्रॅम’ असं आहे.

पेन्सिलवाला
म्हणजे एका तुकड्यात कर्बोदके १६, त्यात माल्टिटॉल ५.५ आणि फायबर १.५. पॉलिऑल निम्मे वजा करायची पद्धत मधुमेहाचे आहारतज्ज्ञ बऱ्याचदा शिकवतात. तसं केलं आणि फायबरही काढलं तर साधारण १२ उरतात. पूर्ण १६ धरले तर इन्सुलिन जास्त होऊन साखर खाली जायची भीती. फायबर काढायचं की नाही हे त्या मुलाला काय शिकवलंय त्यावर आहे, म्हणून तिन्ही आकडे त्यांना सांगा. आणि दोन्ही तुकडे खाणार असेल तर सगळं दुप्पट.

मीच_तो
दोन्ही तुकडे नकोच. माल्टिटॉलवाल्या गोळ्यांचं अख्खं पाकीट मी एका बैठकीत संपवलं होतं, पुढची रात्र कुठे गेली विचारू नका. पाकिटावर पोट बिघडण्याची सूचना असते, ती वाचा.

केटोकर
एरिथ्रिटॉलने असं सहसा होत नाही, म्हणून मी तेच सांगत होतो.

सडेतोड
तुम्ही वजाबाकी सांगत होतात.

घाईगर्दी
ताईचा फोन आला. ती म्हणाली एक तुकडा, १२ धर. डोस तिने सांगितला तेवढाच दिला. दोन-तीन तास सेन्सर बघत राहायला सांगितलंय, उशिरा चढेल म्हणाली. दुसरा तुकडा मी खातोय.

खारूताई
छान. आता तो दुसरा मागेल तेव्हा नवीन धागा काढू नका, ताईला फोन करा.

नवा_सभासद
पूर्ण धागा वाचला नाही, पण यात पाम तेल असतं का?