मदत हवी आहे: पीसी ४८ आकडी की मागतोय, चालूच होत नाहीये

पेंगुळलेला: अर्जंट आहे. परवापर्यंत मशीन ओके होतं, आता चालू केलं की निळा स्क्रीन येतो आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करणारं फीचर) रिकव्हरी की टाका म्हणतो. ४८ आकडी! मी जन्मात कधी बिटलॉकर चालू केलेलं नाही, पासवर्ड, पिन सगळं टाकून झालं, दहादा रीस्टार्ट केलं. फॉरमॅट कर सांगू नका, तीन वर्षांचं काम आहे आत.

निवांत_७: परवापासून काय काय केलंस? विंडोज होम की प्रो?

पेंगुळलेला: ११ होम. काहीच केलं नाही.

थंडपंखा: इंटेल १३वी नाहीतर १४वी जनरेशन असणार. २०२४ मध्ये व्होल्टेजचा घोळ झालेला, ०एक्स१२९ मायक्रोकोडवालं (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त सूचना असलेलं) बायोस, म्हणजे मदरबोर्डचं सॉफ्टवेअर, टाक आधी.

पेंगुळलेला: अहो इंटेल नाही, एएमडीचा राइझन आहे. ३६०० काढून काल ५८००एक्स३डी बसवला, त्यासाठी बायोस अपडेट केलं, बस. एसएसडीला हातही लावला नाही.

निवांत_७: आणि म्हणे काहीच केलं नाही! नवा प्रोसेसर बसवल्यावर काळ्या स्क्रीनवर वाय किंवा एन दाबा असं आलेलं का?

पेंगुळलेला: हो, वाय दाबलं. एवढं कोण वाचत बसतं

निवांत_७: तिथेच लिहिलेलं असतं रे, डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर वाय दाबल्यावर रिकव्हरी कीशिवाय बूट होणार नाही. डिस्क उघडणारी किल्ली एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधला टीपीएम (किल्ल्या जपणारा सुरक्षा भाग), सांभाळतो, तो तू रीसेट केलास. एन दाबलं असतंस तर जुना प्रोसेसर परत लावून सुटला असतास, आता त्याचा उपयोग नाही.

कुतूहल: टीपीएम काय फोडता येतो. २०२४ मध्येच एकाने रास्पबेरी पाय पिको वापरून ४३ सेकंदात बिटलॉकरची की काढून दाखवलीये.

निवांत_७: ती वेगळी टीपीएम चिप होती, बोर्डावरच्या तारांतून जाणारी की त्याने टिपली. इथे टीपीएम प्रोसेसरच्या आत आहे, आणि मुळात आतलं पुसलंय, फोडून मिळणार काय?

टक्स_भक्त: लिनक्स टाका, असले प्रकारच नकोत.

थंडपंखा: लिनक्सवर लक्स (तिथलं डिस्क एन्क्रिप्शन) लावून पासफ्रेज विसरलास की हेच होतं, उगाच पिंक टाकू नकोस.

निवांत_७: @पेंगुळलेला, मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन कर, डिव्हाइसेसमध्ये बिटलॉकर कीज बघ. ११ चं २४एच२ व्हर्जन नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की होमवरही एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्या अकाउंटला जाते.

पेंगुळलेला: बघितलं, एकही की नाही. संपलं सगळं

निवांत_७: विंडोज तूच टाकलेलं का?

पेंगुळलेला: नाही, दादाने टाकून दिलं, त्याच्या अकाउंटने. मग मी माझं जोडलं.

निवांत_७: मग दादाला उठव! निळ्या स्क्रीनवर की आयडी आहे, त्याची पहिली ८ अक्षरं जुळतील तीच की टाक.

टक्स_भक्त: @थंडपंखा, लक्सच्या हेडरचा (डिस्कच्या सुरुवातीचा, की असलेला भाग) बॅकअप ठेवायचा असतो.

थंडपंखा: आणि हेडर काय पासफ्रेज आठवून देतो का?

पेंगुळलेला: मिळाली!! दादाकडे दोन कीज होत्या, दुसरी जुळली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, तिसऱ्यात एकदा चुकलो, हात थरथरत होते. लॉगिन स्क्रीन आला. फक्त आता पिन चालत नाहीये, काहीतरी बदललंय म्हणतो, हे काय नवीन?

निवांत_७: पिनही टीपीएमशीच बांधलेला असतो. पासवर्डने आत जाऊन नवा कर. आणि यावेळी स्क्रीनवर येईल ते वाच.