मदत हवी आहे: गव्हर्नरला 'तू' म्हणणारी बाई मराठीत कशी बोलेल?

नमस्कार मंडळी,

फिलाडेल्फियाजवळ राहते. इथल्या क्वेकरांच्या केंद्राबाहेर मेरी डायर या क्वेकर बाईचा पुतळा आहे, शांतपणे बाकावर बसलेली. तिच्यावर आमच्या मंडळासाठी वीस मिनिटांची एकांकिका लिहायला घेतलीय आणि एका सर्वनामापाशी अडकलेय.

थोडी पार्श्वभूमी: क्वेकर हा ख्रिस्ती पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सने उभा केला. प्रत्येकाच्या आत देवाचा प्रकाश आहे, मग मध्ये पाद्री कशाला, हे मूळ. प्रार्थनेला सगळ्यांनी गप्प बसायचं. ज्याला आतून बोलावंसं वाटेल त्याने (किंवा तिने, हे बॉस्टनवर राज्य करणाऱ्या प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाला फार झोंबलं) उठून बोलायचं. स्वतः छळामुळे इंग्लंड सोडून आलेल्या या प्युरिटनांनी १६५८ मध्ये कायदा केला: हद्दपार केलेला क्वेकर परत आला तर फाशी. ऑक्टोबर १६५९ मध्ये मेरीच्या डोळ्यांदेखत तिच्या दोन सोबत्यांना लटकवलं, तिच्याही गळ्यात फास अडकवला आणि मग माफी जाहीर केली. माफी आधीच ठरलेली होती, नुसतं घाबरवायचं होतं! बाई पुढच्या वर्षी परत हजर. १ जून १६६० ला फासावर गेली.

आता अडचण. क्वेकर कुणापुढे हॅट काढत नसत आणि न्यायाधीश असो की गाडीवान, सगळ्यांशी एकवचनातच बोलत. तेव्हाच्या इंग्रजीत मोठ्या माणसाशी अनेकवचनात बोलायची रीत होती. मी मेरीच्या तोंडी गव्हर्नर एंडिकॉटसाठी 'तू' घातलं, तर वाचनाला दोघं हसले. एक म्हणाला, बाई भांडकुदळ वाटते. दुसरी म्हणाली, विठ्ठलालाही आपण 'तू'च म्हणतो, भक्ती वाटते. 'आपण' केलं तर नाटकच संपलं. काय करू?

आणखी एक, किरकोळ: नेहमीच खरं बोलायचं तर कोर्टात वेगळी शपथ कशाला, म्हणून ते शपथ घेत नसत. त्याऐवजीच्या कथनाला 'प्रतिज्ञा' चालेल?

प्रतिसाद:
ताई, 'तू'च ठेवा. माणूस एक, मग अनेकवचन कशाला, हा त्यांचा मुद्दा मराठीतही तसाच्या तसा बसतो. आपलं 'तुम्ही' तरी दुसरं काय आहे? फक्त आधी प्रेक्षकांचे कान 'आपण'ला सरावू द्या. मेरीचा नवरा विल्यम क्वेकर नव्हता. मे १६६० मध्ये त्याने एंडिकॉटला तिच्या जिवासाठी काकुळतीने पत्र लिहिलं होतं. ते रंगमंचावर 'आपण'मध्ये वाचून घ्या आणि लगेच मेरीचं 'तू' येऊ द्या. पहारेकऱ्यालाही त्याच सुरात 'तू', म्हणजे भांडण वाटणार नाही. 'प्रतिज्ञा' नको, शपथच वाटते. 'खरं तेच सांगते' एवढं पुरे.

धागाकर्ती:
पत्राचं डोक्यातच आलं नव्हतं! आता नवऱ्याच्या कामासाठी माणूस शोधते. मंडळात सगळ्यांना गव्हर्नरच व्हायचंय.