स्टडलीच्या धर्तीवर हत्यारांची भिंतीवरची पेटी: थर, बिजागऱ्या आणि भार

रंधापटाशी:
हेन्री ओ. स्टडली (१८३८–१९२५) या मॅसॅच्युसेट्सच्या पियानो कारागिराची पेटी इथल्या बहुतेकांनी फोटोत पाहिली असेलच. मिटल्यावर साधारण ३९ इंच उंच, २० इंच रुंद, ९ इंच खोल, आणि आत दोनशेहून जास्त हत्यारं. त्यातली आबनूस, हस्तिदंत, शिंपल्यांची कलाकुसर मला नको. ६०-७० हत्यारं (पटाश्या, रंधे, दोन छोट्या करवती, कानशी, गुण्ये) तशाच पुस्तकासारख्या उघडणाऱ्या पेटीत बेंचच्या वर टांगायची आहेत. बाहेरचं माप ९०० × ५०० × २४० मिमी, दोन्ही भाग १२० मिमी खोल. एकामागे एक हत्यारांचे थर कसे आखायचे? दार (उघडणारा पुढचा भाग) लोंबेल का? भिंतीत काय ठोकायचं?

कोरीवकाम:
पेटी नंतर, आधी पुठ्ठा. प्रत्येक हत्याराचा आकार कापा, त्यावर जाडी लिहा आणि जमिनीवर दोन्ही भागांचे चौकोन आखून मांडून बघा. हत्यार मावतं का हे सगळेच बघतात, ते बाहेर कसं येणार हे राहून जातं. पटाशी बंद भोकात वरून सोडली तर काढताना पात्याच्या लांबीएवढी, म्हणजे १५० मिमीच्या आसपास, जागा वर मोकळी लागते. त्याऐवजी आडव्या पट्टीला समोरून उघडी खाच द्या, पात्याच्या मानेपेक्षा २ मिमी रुंद. मुठीच्या टोकाची धातूची कडी बसेल असा ८ मिमी खोल गोल खड्डा वरून घ्या. मग पटाशी १० मिमी उचलली आणि पुढे ओढली की हातात. मुठींमध्ये बोटांसाठी २० मिमी सोडा.

चार नंबरचा (नेहमीच्या मापाचा लोखंडी) रंधा तळ पेटीच्या पाठीला टेकवून ठेवला तर मूठ १३०-१४० मिमी पुढे येते. तुमचा एक भाग १२० चा, त्यातही पाठीची जाडी गेली. म्हणजे रंध्यासमोर दारात तेवढी जागा रिकामी ठेवावीच लागेल. दोन्ही भागांचे पुठ्ठे एकमेकांवर धरून बघण्याचं कारण हेच.

थर दोनच करा: मागचा पाठीवर, पुढचा बिजागरीवर उघडणाऱ्या १२ मिमीच्या फिरत्या फळीवर. स्टडलीकडे काही जागी तीन थर आहेत, पण त्याची हत्यारं ठरलेली होती. तुम्ही उद्या नवा गुण्या घेणार. म्हणून एकही खुंटी किंवा पट्टी सरसाने चिकटवू नका, सगळं स्क्रूवर.

तिरपी_खाच:
फिरती फळी भरीव लाकडाची नको. १८० मिमी रुंद फळी हंगामाच्या फरकाने २ मिमीपर्यंत हलते; कोरड्या दिवसांत नीट बसवलेली फळी दमट हवेत चौकटीला घासते. प्लायवूड घ्या, कडेला लाकडाची पट्टी लावा.

रंधापटाशी:
दारातली हत्यारं लोहचुंबकावर धरली तर चालतील का?

तिरपी_खाच:
कानस, पाने ठीक. पटाश्या नकोत: पोलाद चुंबकित होतं आणि धार लावताना निघालेला चुरा धारेलाच चिकटून बसतो. शिवाय दार आपटलं की जड हत्यार सुटतं. खाचेसमोर फिरणारी लाकडी कळ लावा, ६ मिमी जाड, एका स्क्रूवर, खाली स्प्रिंग वॉशर. वॉशर नसला की कळ सैल पडते आणि आपल्या वजनाने खाली फिरते.

हो, आत चामड्याचं अस्तर लावू नका. वनस्पतीने कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पोलाद गंजतं.

जुना_सांधा:
लोंबण्याचा हिशेब सोपा आहे. दार हत्यारांसकट ३० किलो, त्याचा भारमध्य बिजागरीपासून २५ सेमी, वरची-खालची बिजागरी ८० सेमी अंतरावर. ३० × २५ ÷ ८० = सुमारे साडेनऊ किलोची ओढ वरच्या बिजागरीवर. फार नाही, पण स्क्रू प्लायच्या कडेत गेले तर ते हळूहळू उपसतात. पूर्ण उंचीची पियानो बिजागरी (सलग लांब पट्टीची) घ्या आणि ती जिथे बसते ते उभे तुकडे भरीव कठीण लाकडाचे ठेवा, किमान २० मिमी.

टांगायला ४५ अंशात चिरलेल्या दोन पट्ट्या: एक भिंतीला, एक पेटीला, म्हणजे पेटीची पट्टी भिंतीच्या पट्टीत अडकून बसते. इथे एक गोम आहे. दार पूर्ण उघडून भिंतीलगत आलं की एकूण भाराचा मध्य बिजागरीच्या रेषेवर, म्हणजे टांगलेल्या भागाच्या कडेवर सरकतो. पट्टीच्या त्या टोकाच्या स्क्रूंवरच सगळं येतं. तिकडे कडेपासून ४० मिमीच्या आत दोन स्क्रू द्या, आणि पेटी पट्टीवरून उचकटू नये म्हणून खालीही दोन. स्क्रू विटेत, गिलाव्यात नव्हे.

कोरीवकाम:
बेंचचंही बघून घ्या. पेटीचा तळ बेंचपासून ४०० मिमी तरी वर हवा, कारण दार बेंचवरूनच फिरतं आणि उभी ठेवलेली मोगरी त्याला अडते. व्हाइस (काम आवळून धरणारा शिकंजा) दाराच्या बाजूच्या टोकाला नको, नाहीतर तिथे काम धरलेलं असताना दार उघडता येत नाही. स्टडलीच्या बेंचला चाकाच्या मुठीचे दोन जड व्हाइस आहेत. तुमचा साधा असेल तर मागचा जबडा बेंचच्या कडेशी सपाट बसवा आणि पुढचा वरच्या बाजूने १ मिमी आत झुकता ठेवा, म्हणजे आवळताना वरची कड आधी धरते.