पियानो, पेटी आणि कौलं

माई: काल फोनवर कळलं की ओटीवर पियानो येतोय. ४५,००० रुपये. ग्रुपवर विचारायची काही पद्धत आहे की नाही?

दादा: माई, अजून घेतलेला नाही. सावंतवाडीच्या त्या बंगल्यातला आहे. मालक मुलाकडे राहायला चाललेत. मनूला शिकायचंय. पैसे मी देणार.

वहिनी: 'मी' म्हणजे कोण तेही लिहा 😊

माई: पैशाचं नाही रे. कौलांचा हिशोब अजून आलेला नाही. मे महिन्यात ६,००० दिलेत मी.

तात्या: ह्यो डबो ठेवतलास खय? ओटयेर माझी खाट आसा.

बाबू मुंबई: तात्या, खाट पियानोवर टाका 😂

तात्या: तू गणपतीक ये, मगे बघतंय तुका.

मनू: मी वाजवून बघितला. ८८ पट्ट्यांतल्या सहा दाबल्या की खालीच राहतात. बाकी आवाज भारी.

बाबू मुंबई: पट्ट्या पावसात फुगतात, ते दुरुस्त होतं. भीती तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्यांची. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण १५ टनांच्या वर. खुंट्या ज्या फळीत ठोकलेल्या असतात ती चिरली असेल तर सूर लावणारा पाणंदीपर्यंत पोचायच्या आत सूर उतरलेला असतो.

दादा: अरे, छान वाजतो. मी ऐकलाय.

तात्या: वाजता, पण खय? मी माझी भजनाची पेटी घेवन गेललंय. त्येची पांढरी सहा दाबली, तर माझ्या पेटीची काळी चार लागली. अख्खो अर्धो सूर खाली.

बाबू मुंबई: तात्या, मानलं! म्हणजे पांढरी सहा ४४० हर्ट्झच्या जागी ४१५ला वाजते. कित्येक वर्षं कोणी सूर लावलेला नाही. एकदम वर ओढला तर गंजक्या तारा तुटतील. दोन-तीन बैठकांत चढवायला लागतो. पुढे वर्षातून दोनदा माणूस गोव्याहून आणायचा.

माई: कौलांचा हिशोब.

आबा: 🌹शुभ प्रभात🌹

वहिनी: आबा, दुपारचे दोन वाजलेत.

दादा: मालक म्हणतात पट्ट्या हस्तिदंती आहेत. अशी वस्तू परत मिळायची नाही.

बाबू मुंबई: दादा, असं असेल तर हातच लावू नकोस. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. मनू, काळ्या पट्ट्या जिथे सुरू होतात तिथे पांढऱ्यांवर बारीक आडवी रेघ होती का? हस्तिदंत बहुतेक दोन तुकड्यांत जोडलेला असतो.

मनू: फोटो झूम केला. रेघ नाही, सलग आहेत.

वहिनी: म्हणजे मालकांनी थाप मारली.

माई: या वेळी निदान घ्यायच्या आधी कळलं. होडीच्या वेळी तेही नव्हतं.

दादा: होडी कशाला काढलीस मध्येच?

वहिनी: कारण ती अजून माडाखाली आहे. कोंबड्या बसतात तिच्यात.

बाबू मुंबई: दोनशे किलोच्या वर वजन, टेम्पो पाणंदीत येत नाही. आत लोखंडाची चौकट असते. फुकट मिळाला तरी महागच पडेल.

तात्या: उचलूक वाडीतले पोरगे आसत. पण पावसाचा काय?

बाबू मुंबई: काही जण आत कमी वॅटचा बल्ब लावून ठेवतात, दमट हवा धरू नये म्हणून.

वहिनी: आणि बिल? ते पण 'मी' भरणार?

माई: तिसऱ्यांदा लिहिते. कौलांचा हिशोब. ओटीवर जिथे गळतं तिथेच ठेवणार ना तो पियानो?

दादा: गळत नाही. थेंब येतो.

मनू: 📷 तात्यांच्या खाटेशेजारची बादली

दादा: मनू, अभ्यास कर.

बाबू मुंबई: गोव्याच्या माणसाला विचारतो. त्याने फळी बघेपर्यंत आगाऊ एक रुपया देऊ नकोस.

दादा: बरं. हिशोब रात्री टाकतो. आणि तसे मालकांना आगाऊ ५,००० कालच दिलेत.

माई: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

वहिनी: वाचला मी, माई. बरोबर आहे.