160 टक्के मोठ्या केलेल्या नकाशावरून डाकोटा बांधतोय, खाचा जुळत नाहीत आणि वजनाची धास्ती आहे

सोनेगावकर, नागपूर

नमस्कार मंडळी. वीज मंडळातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. शाळेत एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना बाल्साचे (हलक्या लाकडाचे) ग्लायडर बनवले होते, त्यानंतर नोकरीच्या काळात ब्लेडला हात लागला नाही. आता पुन्हा बसलोय आणि थेट मोठं काम काढलंय: डग्लस डीसी-3, म्हणजे आपला डाकोटा, 1:10 प्रमाणात, रेडिओ कंट्रोलवर.

डाकोटाच का, ते आधी सांगतो. माझे बाबा डाक खात्यात होते. 1949 च्या जानेवारीअखेर रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास अशा चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि आपापल्या वाटेने परत जायची. बाबा 1951 ला लागले तेव्हा डाकोटाच यायचे. ते सांगायचे की हे विमान जमिनीवर शेपूट टेकून उभं राहतं, त्यामुळे आतली फरशी उतरती असते. दार मागच्या बाजूला. वरची एक थैली सोडवली की बाकीच्या आपोआप दाराकडे घसरत यायच्या. लहानपणी हे शंभरदा ऐकलंय. बाबा आता नाहीत. पण ते विमान मला एकदा या गावाच्या आकाशात उडताना पाहायचं आहे.

आता अडचण. माझ्याकडचा नकाशा जुना आहे, 1:16 चा, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 71.25 इंच, लहान ग्लो इंजिनांसाठी (मॉडेलच्या इंधनावर चालणाऱ्या) काढलेला. 160 टक्के केला की बरोबर 114 इंच होतात, म्हणजे जवळपास 2.9 मीटर. सीताबर्डीवर एका दुकानात स्कॅन करून रोलवर छापून घेतला. जुन्या फ्लश दारावर कागद पसरून एका बाजूच्या पंखाच्या सगळ्या रिब्स (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) कापल्या, फ्यूजलाजचे म्हणजे विमानाच्या धडाचे फॉर्मर (आडवे चौकटी-तुकडे) एफ-1 ते एफ-7 कापले. आणि एफ-7 पंखाच्या बैठकीवर बसेना. फॉर्मर सात-आठ मिलिमीटर मागे येतो. तीनदा मोजलं.

दुसरं असं की स्ट्रिंगरच्या (फॉर्मरना जोडणाऱ्या लांब पट्ट्यांच्या) खाचा मूळ नकाशात 3/16 इंचाच्या आहेत. 160 टक्के केल्यावर त्या 7.6 मिलिमीटरच्या झाल्या. तेवढी पट्टी कुठे मिळते? माझ्याकडे 6 आणि 8 च्या आहेत. फॉर्मरही मूळ 1/8 इंची शीटचे, त्या हिशेबाने 5 मिलिमीटरचे कापले, ते हातात घेतले तर जड लागून राहिले आहेत. नकाशावर मूळ मॉडेलचं वजन 5 पौंड लिहिलंय. माझं किती होईल, आणि कापलंय त्यावर पुढे जाऊ की नव्याने सुरुवात करू?

बाल्सावाला, पुणे

काका, थांबा. अजून काही चिकटवू नका.

पहिली शंका छपाईवर. नकाशावर इंचाची पट्टी काढलेली असेल तर ती मोजा. नसेल तर पंखाची लांबी आणि फ्यूजलाजची लांबी वेगवेगळी मोजून खऱ्या विमानाशी ताडून पाहा. खरा डाकोटा 95 फूट पंखांचा आणि साधारण साडेचौसष्ट फूट लांबीचा. म्हणजे तुमचं फ्यूजलाज 1.96 ते 1.97 मीटर यायला हवं. लांब कागद स्कॅनरच्या रोलरमधून ओढला जातो तेव्हा तो थोडासा सरकतो, आणि मग आडवं माप बरोबर येऊनही उभं माप चुकतं. कागद पावसाळ्यात फुगतो ते वेगळंच. आणखी एक, रेघही 160 टक्के जाड होते. कधी रेघेच्या आतून, कधी बाहेरून कापलं तर प्रत्येक तुकड्यात मिलिमीटरभर फरक पडतो. मी नेहमी मध्यरेषा आखून फॉर्मरचा अर्धाच भाग उतरवतो आणि उलटा करून दुसरा अर्धा घेतो, म्हणजे डावं-उजवं तरी सारखं राहतं.

वजनाचं गणित तुम्ही केलंच असेल, तरी लिहितो. लांबी 1.6 पट, पंखाचं क्षेत्रफळ 2.56 पट, पण सगळे तुकडे त्याच प्रमाणात जाड केले तर वजन 4.1 पट. 5 पौंड म्हणजे 2.3 किलो, त्याचे झाले 9.4 किलो. डाकोटाच्या पंखाचं क्षेत्रफळ 987 चौरस फूट, तुमच्या मॉडेलचं त्याचा शंभरावा भाग, म्हणजे 0.917 चौरस मीटर. जुन्या मॉडेलवर दर चौरस डेसिमीटरला 64 ग्रॅम भार होता, तुमच्यावर 102 होईल. छोटं मॉडेल ताशी 35 किलोमीटरला स्टॉल होत असेल, म्हणजे त्याखाली पंख विमान पेलत नसेल, तर हे 44 ला होईल. उडेल, पण उतरताना घाम काढेल. 8 किलोच्या आत ठेवा.

त्यासाठी बाह्याकार मोठा करायचा, जाडी नाही. फॉर्मर 3 मिलिमीटरचे करा आणि मधून पोकळ कापा. स्ट्रिंगर 6 चे घ्या, खाच 6 चीच पुन्हा आखा. 8 ची पट्टी तिथे लागतच नाही, कारण वरून शीटिंग (पातळ बाल्साचं आवरण) येणार आहे आणि ताकद त्या कातडीत असते. रिब्स 2.5 च्या आहेत ना? त्या चालतील. मात्र पंखाच्या स्पारमध्ये (टोकापर्यंत जाणाऱ्या मुख्य तुळईत) कंजुषी नको. वर-खाली पाइनच्या पट्ट्या, मधे त्यांना जोडणारी उभ्या धाग्याच्या बाल्साची भिंत (वेब), निदान मोटरच्या पलीकडे दोन-तीन रिब्सपर्यंत. मोटर बसते ती भिंत प्लायची आणि अरल्डाइटनेच, बाकी सगळीकडे फेव्हिकॉल पुरतो.

आणि शीट वजन करून वापरा. 1000 बाय 100 बाय 2.5 मिलिमीटरची शीट 30 ग्रॅमचीही निघते आणि 50 चीही, दुकानात दोन्हीचा भाव एकच.

ऑरेंज_सिटी_आरसी

काका मी मानेवाड्याचा. नकाशा पुन्हा छापण्याआधी एक करा, फोटो किंवा स्कॅन कॉम्प्युटरवर घेऊन फॉर्मर नव्याने ट्रेस करा. मी आर्किटेक्चर शिकतो, मला फाइल दिली तर आठवड्यात करून देतो. खाचा तिथेच 6 च्या करता येतात आणि मग लेझरने कापून मिळतं. फक्त लेझरवाल्याला आधी एकच फॉर्मर कापायला सांगा, हातात घेऊन पट्टी बसवून बघा, मग बाकीचे. लेझर धाग्याभराची जागा खातो, खाच सैल होते.

उडवायचं कुठे ते आत्ताच ठरवा बाप्पा. ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतची छंदाची मॉडेलंही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही, 8 ते 12 मध्ये 200 फुटांपर्यंत, त्यापलीकडे हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत. आपलं विमानतळ गावातच असल्यामुळे अर्धं नागपूर त्या 8 मध्ये येतं. त्यात वायुसेनेच्याही जागा आहेत, त्यामुळे सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा हवाई हद्दीचा नकाशा बघितल्याशिवाय काही नाही. उमरेड रोडकडे किंवा काटोल रोडकडे लांब जावं लागेल. सोयाबीन निघालं की शेतं मोकळी होतात, पण ढेकळांत हे विमान नाकावर पडेल. नवीन लेआउटचे डांबरी रस्ते चांगले, फक्त विजेचे खांब उभे व्हायच्या आधीचे. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

सोनेगावकर, नागपूर

दोघांचेही आभार. फ्यूजलाज मोजलं: 1953 मिलिमीटर. पंख 2895. म्हणजे पंख बरोबर आणि लांबी आखडलेली. फ्यूजलाजचा कागद दुकानात लांबीच्या दिशेने ओढला होता, मी समोरच उभा होतो. रिब्स वेगळ्या कागदावर होत्या, त्या दोन्ही बाजूंनी बरोबर निघाल्या. वाचल्या.

बेटा, फाइल पाठवतो. घरी ये, चहा घेऊ आणि कागदही दाखवतो.

निवृत्त_फिटर, वायुसेनानगर

दादा, मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होतो, डाकोटावर हात लावलेला आहे. मॉडेलही करतो. दोन-तीन गोष्टी नकाशात नसतात त्या सांगतो.

खऱ्या विमानाचा पंख तीन तुकड्यांचा. मधला भाग मोटरसकट पोटाला पक्का, आणि बाहेरचे दोन पंख त्याला बोल्टच्या रांगेने जोडलेले. 1941 मध्ये चीनमध्ये एका डीसी-3 चा पंख बॉम्बने गेला तेव्हा डीसी-2 चा आखूड पंख त्याच जागी जोडून विमान उडवून नेलं होतं. तुम्हीही जोड तिथेच ठेवा. गाडीत मावेल आणि जोड खऱ्या जागी दिसेल.

शेपटीकडे जीव लावा. या विमानाचं नाक आखूड, शेपूट लांब. शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात अडीच-तीन ग्रॅम शिसं टाकावं लागतं. खऱ्या विमानात इलेव्हेटर, रडर, एलेरॉन (शेपटीचे आणि पंखाचे हलते भाग) कापडाने मढवलेले असतात. तुम्हीही ते नुसत्या सांगाड्याचे करून फिल्म (पातळ प्लास्टिकचं आवरण) चढवा, शीट लावूच नका. खरेपणा आणि हलकेपणा दोन्ही मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंखाचं टोक. मूळ पंखाचा छेद मुळाशी नाका 2215 आणि टोकाला 2206 आहे (शेवटचे दोन आकडे जाडीची टक्केवारी), म्हणजे टोक फक्त 6 टक्के जाड आणि अणकुचीदार. मोठ्या विमानाला चालतं. आपल्या आकारात तसं टोक केलं तर उतरताना वेग जरा कमी झाला की एक पंख पडतो आणि विमान उलटतं. माझं पहिलं असंच गेलं, वळण घेताना, कोणाला काही कळायच्या आत. टोकाची रिब 10-11 टक्के जाड करा, पुढची कड गोल ठेवा आणि टोकाला अडीच-तीन अंश वॉशआउट द्या, म्हणजे टोकाची पुढची कड तेवढी खाली पिळा. बाहेरच्या रिब्स त्यासाठी पुन्हा कापाव्या लागतील. वाईट वाटेल, पण कापा.

तोल पंखाच्या मुळावर मोजू नका, पुढची कड मागे ओढलेली आहे. सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) काढून तिच्या 25 टक्क्यांवर धरा. प्रोपेलर 14 इंची लावा. खरा साडेअकरा फुटांच्या आसपास असतो, माप जुळतं आणि दोन मोटरमध्ये मिळून 1800 वॉट पुरतात. पहिलं उड्डाण जानेवारीत सकाळी करा. मे महिन्यात 45 अंशांत हवाच पातळ असते, आणि मढवलेली फिल्मही उन्हात सैल पडते.

चाकं आत घेतली तरी डाकोटाची अर्धी बाहेरच राहतात. तीही मॉडेलमध्ये फिरती ठेवा, कधी पोटावर उतरावं लागलं तर कामी येतात.

सोनेगावकर, नागपूर

साहेब, टोकाकडच्या रिब्स आज बाजूला काढल्या. नऊ आहेत. त्या मोटरच्या कव्हरसाठी वापरतो.

घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर सगळ्या 24 शीट्स तोलल्या. सर्वांत हलकी 27 ग्रॅम, सर्वांत जड 58. हलक्या सहांवर पेन्सिलीने "शेपूट" लिहून कपाटावर ठेवल्या, नातवंडांना हात लावू देत नाही. मानेवाड्याचा मुलगा रविवारी येऊन गेला. एफ-7 ची नवी फाइल तयार आहे, तो आणि फक्त तोच उद्या लेझरवर जातोय. पट्टी बसली की बाकीचे. आडवी शेपूट आधी करतोय. तिचं वजन इथे लिहीन, जास्त वाटलं तर स्पष्ट सांगा, पुन्हा करीन.