कॉम्प्युटर नेटवर्क्स 4 क्रेडिटवरून 3 वर? माझा विरोध आहे

धागाकर्ती (इंजिनिअरिंगला शिकवते)
आमच्या स्वायत्त कॉलेजच्या अभ्यास मंडळापुढे प्रस्ताव आलाय: तिसऱ्या वर्षाचा नेटवर्क्सचा विषय 4 ऐवजी 3 क्रेडिटचा करायचा. आज आठवड्याला तीन लेक्चर (3 क्रेडिट) आणि दोन तासांचं प्रॅक्टिकल (1 क्रेडिट) आहे, त्यातलं एक लेक्चर जाणार. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे 160 क्रेडिटच्या डिग्रीत ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, इंटर्नशिप बसवायची तर कुठेतरी कात्री लागणार, हे मान्य. पण 15 आठवड्यांत 45 लेक्चरची 30 होतील आणि सिलॅबस तेवढाच राहील. मग सबनेटिंगची (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत विभागण्याची) गणितं पेपरात हमखास येतात म्हणून टिकतील आणि कंजेशन कंट्रोल (नेटवर्कवर गर्दी झाली की पाठवण्याचा वेग आवरणं) "घरी वाचा" म्हणून सुटेल.

1986 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ या शेजारच्या दोन ठिकाणांमधला वेग नेटवर्कवरच्या गर्दीमुळे सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर कोसळला होता. टीसीपी या डेटा पोचवण्याच्या प्रोटोकॉलमधला (नियमावलीतला) स्लो स्टार्ट, म्हणजे कमी डेटाने सुरुवात करून वेग वाढवत नेणं, त्या संकटातून आला. हे नुसतं वाचून कळत नाही. फळ्यावर विंडोचा (पोच यायच्या आधी किती डेटा पाठवायचा त्या मर्यादेचा) आलेख काढत, मुलांना मध्येच थांबवून "आता पॅकेट हरवलं, पुढे काय?" असं विचारत न्यावं लागतं.

राउटिंगटेबल
मॅडम, मी याच क्षेत्रात नोकरी करतो आणि मला प्रस्ताव पटतो. टोकन रिंग, एफडीडीआय ही मागे पडलेली नेटवर्क तंत्रं, क्लास ए-बी-सीचे पत्ते अजून का शिकवतात? पत्त्यांचे हे वर्ग मोडीत काढणारं सीआयडीआर 1993 मध्ये आलं. उलट क्विक (टीसीपीऐवजी वापरायचा नवा प्रोटोकॉल) 2021 मध्ये प्रमाणित झालं, वेबचं एचटीटीपी/3 त्यावर चालतं, आणि मुलाखतीला येणाऱ्या बऱ्याच मुलांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. जुनं काढा, 30 लेक्चर पुरतील.

धागाकर्ती
जुनं काढायला माझी पूर्ण संमती आहे. पण ते काढून चार-पाच लेक्चर वाचतात, पंधरा नाही. त्या जागी क्विक, टीएलएस (कूटबद्ध जोडणी), आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत) नीट शिकवायचं तर वाचलेलं सगळं तिथेच खर्च होतं. तुम्ही मागताय तो विषय आजच्यापेक्षा मोठा आहे, सर.

फायनल इयर
विद्यार्थी म्हणून सांगतो, गेटला (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेला) हा विषय आहे. लेक्चर कमी झालं की आम्ही क्लास लावणार किंवा यूट्यूबवर जाणार. ज्याला क्लासची फी परवडत नाही त्याचं काय?

लॅबवाला
दोन्ही बाजू लेक्चरच मोजताहेत. क्रेडिट 4 च ठेवा, पण 2 थिअरीचे आणि 2 प्रॅक्टिकलचे करा. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सॲप जवळपास सहा तास बंद होतं. साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे बीजीपीचे (नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलचे) मार्गच मागे घेतले गेले होते. एका लिनक्स मशीनवर नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगळी आभासी नेटवर्कं) आणि एफआरआर (राउटिंगचं सॉफ्टवेअर) वापरून हा प्रकार लॅबमध्ये घडवता येतो, राउटर विकत घ्यावे लागत नाहीत. मार्ग काढून घेतला की पिंग थांबतं, हे ज्याने स्वतः केलं त्याला बीजीपी पाठ करावं लागत नाही.

विभागप्रमुख
कल्पना चांगली, पण हिशोब बघा. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास. 60 मुलांच्या तीन बॅच धरल्या तर आज लॅबचे 6 तास होतात, ते 12 होतील. लेक्चरचा एक वजा केला तरी 5 तासांचा वर्कलोड वाढतो. कायम पदं भरलेली नाहीत, म्हणजे तासिका तत्त्वावर माणूस शोधायचा. लॅबही तेवढा वेळ मोकळी हवी. त्यापेक्षा 3 क्रेडिट करून सिलॅबस प्रामाणिकपणे छाटणं आमच्या हातातलं आहे.

धागाकर्ती
सर, वर्कलोडचा मुद्दा खरा आहे आणि तो मंडळापुढे आकड्यांसकट मांडेन. पण शिक्षक कमी आहेत म्हणून विषय लहान, हे कारण इतिवृत्तात तसंच नोंदवलं जावं. "धोरणामुळे" असं लिहिलं तर पदभरतीची मागणी कुणीच करणार नाही. @लॅबवाला, बीजीपीच्या प्रॅक्टिकलची स्क्रिप्ट असेल तर द्याल का? 2 + 2 चा पर्याय मांडायचा तर प्रयोगांची यादी सोबत जोडावी लागेल.

लॅबवाला
आज रात्री टाकतो. टीसीपीची विंडो वायरशार्कवर (पॅकेट टिपून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) दाखवायचा प्रयोगही आहे, तुमचा स्लो स्टार्ट त्यात स्वच्छ दिसतो.