मदत हवी आहे: सीएफएसचं क्लिनिक कसं पारखावं?

क्रॉनिक फटीग सिंड्रोमसाठी घरातल्या एकांना स्पेशालिस्टकडे न्यायचं आहे. "रोज थोडा थोडा व्यायाम वाढवू, होतील बऱ्या," असं एका क्लिनिकने फोनवर सांगितलं. जावं का? फेरी फुकट जाऊ नये म्हणून आधी काय विचारावं?

प्रतिसाद १
हे उत्तर मिळालं की पुढचं क्लिनिक बघा. असा ठरवून वाढवत नेलेला व्यायाम म्हणजे ग्रेडेड एक्सरसाइज थेरपी; 'नाईस' या ब्रिटनमधल्या उपचार-मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने 2007 साली ती सुचवली होती, 2021च्या मार्गदर्शिकेतून काढून टाकली. या आजारात श्रमाचा फटका बहुतेकदा 12 ते 48 तासांनी बसतो. फिजिओसमोर पेशंट वीस मिनिटं चालतो, फाइलवर 'व्यवस्थित जमलं' अशी नोंद होते, आणि परवा तो अंथरुणातून उठत नाही. ती नोंद कोण करणार? म्हणून विचारायचं ते एवढंच: "श्रमानंतर त्रास उफाळतो, त्याचं तुम्ही काय करता?" पेसिंगचं, म्हणजे ताकदीच्या मर्यादेतच श्रम ठेवण्याचं, नाव निघालं, तर पुढे बोला.

प्रतिसाद २
निदान पक्कं करणारी रक्ततपासणी अजून नाही. सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, बी१२, शुगर, सीलिॲक हे सगळं बाकीचे आजार वगळायला. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे 'काही झालेलं नाही' असं म्हणणारे डॉक्टर इथे कामाचे नाहीत.
लीन टेस्ट (उभं राहिल्यावर बीपी-नाडी कशी बदलते ते बघणारी) करतात का, हेही विचारा. आधी आडवं झोपवून बीपी-नाडी. मग टाचा भिंतीपासून 15 सेंटीमीटरवर, पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकवून 10 मिनिटं उभं, दर मिनिटाला नोंद. बीपी फारसं न पडता नाडी मिनिटाला 30 ठोक्यांनी (किशोरवयात 40) वाढून तशीच राहिली, तर पॉट्सची, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराची, शंका. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठीची गोळी) चालू असेल तर नाडी दबते, हे आधीच सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

धागाकर्ता
ही टेस्ट घरी चालेल?

प्रतिसाद २
शेजारी कुणी असेल तर. भोवळ येऊ लागली की लगेच झोपवा. अंथरुणाला खिळलेल्यांची करूच नका.

प्रतिसाद १
दोन दिवसांची सायकल टेस्ट (लागोपाठ दोन दिवस दमेपर्यंत सायकल मारायला लावून क्षमता मोजणारी) सुचवली तर तिने उपचारात काय बदलणार, ते आधी विचारा. तिनेच पेशंट आठवडेन् आठवडे आडवा होऊ शकतो. आणि पहिली भेट व्हिडिओवर मागा; जावंच लागलं तर वेटिंगमध्ये आडवं व्हायला जागा, उजेड-आवाजाचा त्रास टाळायला गॉगल, इअरप्लग, लक्षणांचा एक पानी कागद, आणि आधी-नंतरचे दिवस मोकळे.